अम्मांची नोटीस, पोचपावतीसह

माझ्या सासूबाईंनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी एका बड्या कंपनीला 'कबड्डी' हा शब्द वापरायला मनाई केली होती. रीतसर, रजिस्टर पोस्टाने. घरात हा विषय निघाला की सासरे अजून खुर्चीत ताठ होऊन बसतात आणि मी अजून थोडी चिडते. त्या एका कागदापायी माझी पाचावर धारण बसली होती आणि तिची या घरात आजवर कुणी दखल घेतलेली नाही.

मी मूळची कऱ्हाडची. नोकरीसाठी म्हैसूरला आले आणि लग्न करून इथल्याच एका मराठी घरात पडले. यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत शिपाई होते. घर मंडी मोहल्ल्यात, घरात सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात आणि सासूबाईंना अम्मा. त्यांची मराठी ऐकून पहिलं वर्षभर मी नुसती मान डोलावत होते, कारण वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि क्रियापदापर्यंत पोचेतो कन्नडात गेलेलं असायचं. त्यातून अम्मांचं बोलणं म्हणजे उघडा ठेवलेला नळ. भाजीवाल्याशी अर्धा तास, शेजारणीशी गच्चीवरून गच्चीवर, बहिणीशी फोनवर, आणि कुणीच नसेल तेव्हा कुकरशी. मला त्याचा वैताग यायचा, हे कबूल करते.

मग त्यांना न्यूमोनिया झाला. अठरा दिवस हॉस्पिटलात काढून घरी आल्या त्या अर्ध्या आवाजानेच आल्या. तीन शब्द झाले की थांबायचं, दम घ्यायचा, पुढचे दोन शब्द. नवरा त्या वर्षी कामासाठी परदेशी होता, म्हणून त्यांच्यापाशी मी आणि अप्पा. आम्ही दोघांनी एक सोय करून घेतली. त्या वाक्य सुरू करायच्या आणि आम्ही ते पुरं करायचो. जास्त मीच, कारण मला ऑफिसची घाई. एकदा त्या म्हणाल्या, "मला थोडं..." आणि मी पाणी आणून दिलं. त्यांनी मुकाट्याने प्यायलं. दोन दिवसांनी कळलं की त्यांना थोडं बाहेर कट्ट्यावर बसायचं होतं.

हळूहळू त्यांनी वाक्य सुरू करणंच सोडलं. डॉक्टरांनी तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं खेळणं दिलं होतं, नळीतून श्वास ओढून गोळे वर उचलायचे. त्यांनी ते दोनदा केलं आणि कपाटावर ठेवून दिलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं, की फुप्फुसं वापरली तर सुधारतील, नाही वापरली तर आहेत तशीच राहतील. त्या दिवशी येलवालच्या बाजूने ऑफिसची बस परतत होती आणि मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. ज्या बडबडीला मी वैतागायचे ती मला परत हवी होती.

आता त्या खेळाबद्दल. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फोनवर कबड्डी खेळायचे. एका लहानशा कंपनीने काढलेला खेळ होता आणि त्यात एक गंमत होती. चढाई करताना फोन तोंडाशी धरून खरंच 'कबड्डी कबड्डी' म्हणायचं. फोन ऐकत असतो. तुमचा दम चालू आहे तोवर पडद्यावरचा गडी पळतो, दम तुटला की बाद. ऑफिसातले लोक मला वेडी समजायचे, पण मला त्याची फिकीर नव्हती. कऱ्हाडच्या मुलीला कबड्डीची लाज वाटली तर मग संपलंच.

एका रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात उभी राहून चढाई करत होते. अम्मा पलंगावरून म्हणाल्या, "दे." नुसतं तेवढंच. मी फोन दिला. शाळेत असताना त्या तालुक्याच्या संघात होत्या, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या चढाईत तीन सेकंदांत दम तुटला आणि पडद्यावरचा गडी मैदानात आडवा झाला. अम्मांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला त्या गड्याची दया आली. म्हणाल्या, "परत."

त्यानंतर माझा फोन माझा राहिला नाही. खेळात आमचा तीसेक जणांचा एक संघ होता आणि त्याचा कप्तान एच. डी. कोटे गावच्या शाळेत खेळ शिकवणारा एक मास्तर. आम्ही कुणी त्याला पाहिलेलं नव्हतं, फक्त फोनमधून आवाज ऐकू यायचा. तो अम्मांना सांगायचा, छातीतून नको, पोटातून घ्या. अम्मा ऐकायच्या. डॉक्टरांचं, माझं, अप्पांचं न ऐकणारी बाई त्या न पाहिलेल्या मास्तरचं ऐकत होती. तीनाचे पाच झाले, पाचाचे नऊ, आणि एका संध्याकाळी एकोणीस. त्याच आठवड्यात त्या मास्तरशी भांडल्या, की त्याने आदल्या डावात त्यांना उगाच मागे ठेवलं. चांगलं लांबलचक भांडण होतं. मी दाराआड उभी राहून ऐकत होते आणि मला आकाश ठेंगणं झालं होतं.

आणि नेमकी तेव्हाच ती बातमी आली. कबड्डीच्या मोठ्या लीगने आपल्या सगळ्या संघांचे, खेळाडूंचे, जर्सींचे हक्क एकाच बड्या कंपनीला दिले. दुसऱ्या कुणी तो खेळ फोनवर आणायचा नाही. त्या कंपनीने आमची लहानशी कंपनीही विकत घेऊन टाकली. दोन महिन्यांनी आमचा खेळ बंद होणार आणि नवा चकचकीत खेळ येणार, खऱ्या खेळाडूंचे चेहरे, खरं स्टेडियम. फक्त दम नाही. दमाच्या जागी एक बटण. अंगठ्याने दाबून धरायचं.

आमच्या संघात आग लागली. लोकांनी एक-एक तारा दिला, शिव्या लिहिल्या, विनवण्या केल्या. चेहरे घ्या, जर्सी घ्या, पण दम ठेवा, एवढंच मागणं. कंपनीकडून दर वेळी तेच छापील उत्तर यायचं, आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. अम्मांनी ते उत्तर दोनदा वाचायला लावलं आणि फोन उशाशी उपडा ठेवला. त्या संध्याकाळी त्या परत दोन-दोन शब्दांत बोलत होत्या.

मास्तरने मग एक टूम काढली. कंपनीला खोटी वकिली नोटीस लिहायची आणि इंटरनेटवर टाकायची. तुम्ही लीगचे हक्क विकत घेतलेत ना, मग 'कबड्डी' या शब्दाचे हक्क आमचे, दम नसलेल्या खेळाला हे नाव लावाल तर याद राखा. त्याने मसुदा पाठवला. विनोद होता, पण नोटीस वाटत नव्हती. घरात चाळीस वर्षं एका वकिलाकडे गुमास्ता म्हणून काम केलेला माणूस बसलेला, म्हणून मी तो कागद अप्पांना दाखवला. जरा भाषा बघा, एवढंच मी म्हणाले. ही माझी चूक.

अप्पांनी चष्मा पुसला, वाचलं आणि कागद दोन बोटांनी धरून मला परत दिला. तारीख नाही, पत्ता नाही, पाठवणारा कोण ते नाही, मुदत नाही. हे काय, लग्नाची पत्रिका आहे का, म्हणाले. मग टेबलाशी बसले आणि तीन दिवस उठले नाहीत. मोबाइलवर खेळणारी माणसं त्यांच्या मते वाया गेलेली, पण वाईट लिहिलेली नोटीस त्यांना त्याहून सहन होत नाही.

त्यांनी जे लिहिलं ते इंग्रजीत होतं. अप्पा इंग्रजी बोलत नाहीत, फक्त लिहितात, आणि तेही कोर्टाचं. पाठवणारी म्हणून त्यांनी अम्मांना घातलं होतं, नाव, वय, धंदा, राहणार मंडी मोहल्ला. पुढे कलमं. की सदर बाई लहानपणापासून सदर शब्द एका दमात उच्चारत आल्या आहेत. उघडपणे, शांतपणे, सर्वांच्या देखत, बारा वर्षांहून अधिक काळ, आणि त्याला आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. सबब जमिनीवर जसा ताब्याने हक्क बसतो तसा सदर शब्दावर त्यांचा हक्क बसलेला आहे. सबब लीगला तो शब्द दमावाचून तुम्हाला देण्याचा अधिकारच नव्हता. सबब पंधरा दिवसांच्या आत दम परत ठेवावा, किंवा खेळाचं नाव बदलून 'बटण' असं ठेवावं. सदर बाई आजमितीस एका श्वासात एकोणीस सेकंद चढाई करतात, हेही एका कलमात होतं. मी वाचताना खुर्चीवरून पडायची बाकी होते. अप्पा हसले नाहीत. मी विचारलं, अप्पा, हा विनोद आहे हे तुम्हाला माहीत आहे ना? ते म्हणाले, सही कुठे करायची ते तिला दाखव.

अम्मांनी सही करण्याआधी एकच हरकत घेतली. धंद्याच्या पुढे अप्पांनी 'घरकाम' लिहिलं होतं. त्यांनी तिथे बोट ठेवून म्हटलं, "खेळाडू." अप्पा म्हणाले की त्याला आधार लागतो. अम्मांनी पेन खाली ठेवलं. अप्पांनी ते पान परत टाइप केलं.

मी नोटिशीचा फोटो मास्तरला पाठवला, त्याने तो टाकला, लोक पोट धरून हसले, आणि मला वाटलं गोष्ट इथे संपली. चार दिवसांनी मी अप्पांकडे मूळ कागद मागितला. ते म्हणाले, गेला. कुठे गेला? पोस्टात. रजिस्टर, पोचपावतीसह. पाठवली नाही तर ती नोटीस कसली, नुसता कागद.

मी कपाळावर हात मारला. मग आवाज चढवला, जो या घरात मी त्याआधी कधी चढवला नव्हता. तिथे वकिलांची फौज बसलेली असते, ते आपल्यावर खटला भरतील, आजारी बाईला कोर्टात ओढतील, हे तुम्हाला कळायला नको? अप्पा शांतपणे म्हणाले की नोटिशीत एकही वाक्य खोटं नाही. अम्मांकडे बघून तर मला आणखी राग आला, कारण त्या खूश दिसत होत्या.

पोचपावतीचं कार्ड आलं त्या दिवशी अप्पांनी ते देवासमोर ठेवलं. त्यावर कंपनीचा गोल शिक्का आणि कुणाची तरी घाईची सही. "आयतु," ते म्हणाले, म्हणजे झालं काम, नोटीस बजावली गेली. मास्तरने त्या कार्डाचा फोटो टाकला आणि मग मात्र रान पेटलं. विनोद म्हणून वाचलेला कागद खरोखर कंपनीच्या टेबलावर जाऊन बसला आहे, हे कळल्यावर जे लोक नुसते हसत होते ते आमच्या बाजूने उभे राहिले. कुठल्या कुठल्या गावांतून माणसं लिहायला लागली की त्यांचाही सदर शब्दावर ताबा आहे.

आणि कंपनीच्या वकिलांचं उत्तर आलं. मी पाकीट फोडलं. त्यांनीही आमची नोटीस विनोद म्हणून वाचली नव्हती, किंवा वाचली असेल तरी त्यांच्या धंद्यात तसं दाखवता येत नसावं. कलमवार उत्तर होतं. कलम एक नाकबूल. कलम दोन नाकबूल. आणि कलम सहा, सदर बाई एका श्वासात एकोणीस सेकंद चढाई करतात हे आमच्या अशिलास नाकबूल असून, ते त्यांनी काटेकोर पुराव्याने सिद्ध करावं.

अप्पा त्या ओळीकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मी त्यांना समजावत होते की वकील असं सवयीनेच लिहितात, हे तुम्हालाच जास्त माहीत. ते मान हलवत होते. पण अम्मांनी पलंगावरून विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. त्या उठून बसल्या. "नाही म्हणतात? मला?"

पुराव्याचा दिवस ठरला. अप्पांचा एक जुना ओळखीचा नोटरी कोर्टाजवळ बसतो, त्याच्यासमोर शपथपत्र करायचं. दरम्यान घरात जे चाललं होतं ते मी मास्तरलाही सांगितलं नाही. अम्मांना एकोणीस सेकंद आजारपणानंतर एकदाच जमले होते. त्यानंतर त्यांना सर्दी होऊन गेली होती. रोज सकाळी त्या प्रयत्न करत आणि रोज अकरा, तेरा, एकदा चौदा. रोज त्यांचा चेहरा थोडा अधिक गप्प होत होता. मला नोटिशीची भीती उरली नव्हती. मला भीती होती ती त्या तिथे, चार लोकांत, अकरावर थांबतील आणि परत पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करतील याची.

नोटरीची खोली तळमजल्यावर, दोन खुर्च्या, एक बाक आणि भिंतीवर सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ. नोटरी आधीच वैतागलेला होता. श्वासावर मी शिक्का कसा मारू, असं तो कन्नडातून अप्पांना विचारत होता. अप्पा सांगत होते की बाईंनी माझ्यासमोर करून दाखवलं एवढंच लिही. शेवटी तो अम्मांकडे वळला आणि नियमाप्रमाणे विचारलं, कागदातला मजकूर तुम्हाला समजला आहे का?

"हो, त्यांना सगळं समजलंय, त्या जरा आजारी होत्या म्हणून..." मी सुरू केलं.

"सुम्ने रहा ग," अम्मा म्हणाल्या. सुम्ने म्हणजे गप्प, या घरात येऊन मी शिकलेला पहिला कन्नड शब्द. "माझं मी बोलते."

मी मागे सरकले. कान गरम झाले होते. त्यांनी नोटरीला सांगितलं, मजकूर समजला, सही माझी, खेळाडू मीच. मग फोन तोंडाशी धरला आणि सुरू केलं. अकराव्या सेकंदाला खोकला आला. बाकावरचे दोन पक्षकारही आमच्याकडे बघत होते. अप्पांचा चेहरा पडला होता. हे सगळं ज्यांनी उभं केलं त्या माणसाने हळूच म्हटलं, राहू दे, आपण मुदत मागून घेऊ.

"मुदत बेड," म्हणजे नको. एवढं बोलून अम्मांनी पाणी घेतलं, पदर खोचला, आणि उभ्या राहिल्या. बसून कोण चढाई करतं, असं काहीतरी पुटपुटल्या. पोटाला हात लावून श्वास घेतला.

मी घड्याळाकडे बघत होते. दहा. बारा. चौदाला त्यांचा आवाज बारीक झाला आणि मी माझाच श्वास धरून ठेवला. सोळा. आवाज तुटला नाही, खाली जाऊन परत वर आला. नोटरीचं बोट टेबलावर सेकंद मोजत होतं. एकोणीसला बाकावरचा एक पक्षकार उठून उभा राहिला. वीस. अम्मांचे डोळे मिटलेले होते, मानेची शीर ताठ, आणि त्या थांबत नव्हत्या. तेवीसला त्या थांबल्या, संपल्या म्हणून नाही, आता पुरे म्हणून. नोटरीने शिक्का मारला. अप्पांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि सांगितलं की धूळ फार आहे. मी मात्र उघडपणे रडले.

त्याच संध्याकाळी मास्तरने शपथपत्र टाकलं आणि मग पुराव्यांचा पाऊस पडला. माणसं स्वयंपाकघरात, शेतात, ऑफिसच्या जिन्यात उभी राहून दम लावत होती आणि कंपनीला पाठवत होती. किती आले ते मी मोजलं नाही. तीन आठवड्यांनी कंपनीच्या वकिलांचं दुसरं पत्र आलं. त्यात आधी चार ओळी हक्क राखून ठेवण्याच्या, आणि मग खाली, की नव्या खेळात बटणाबरोबर दमाचाही पर्याय राहील. अप्पांनी ते उभ्याने वाचलं. वकिलाने हक्क राखून ठेवले की समजायचं हरला, हे त्यांचं त्यावरचं भाष्य.

त्यानंतर एका दुपारी कंपनीतून एका मुलीचा फोन आला. दमाचा भाग नीट चालतोय का बघायला त्यांना काही जुने खेळाडू हवे होते, आणि त्यात पहिलं नाव अम्मांचं. मी म्हटलं, मी त्यांना विचारून कळवते. अम्मांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

त्या बोलायला लागल्या. शाळेचं मैदान, तालुक्याची मॅच, हॉस्पिटलचे अठरा दिवस, बटणाची कल्पना कुठल्या शहाण्याला सुचली, आणि तुझं लग्न झालं का, जेवलीस का. मराठीत सुरू, कन्नडात, परत मराठीत. पलीकडच्या मुलीला यातली एक तरी भाषा येत होती की नाही देव जाणे. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या. अप्पा तीन वेळा दारात येऊन खुणा करून गेले, की हे सगळं लेखी माग. अम्मांनी त्यांना हातानेच थांबवलं आणि पाठ फिरवून बोलत राहिल्या.